पेटीतला ग्रह : ‘अल्फा सेंटॉरी’चा विस्तार लिनक्सवर कसा आला आणि पुढे त्याचे काय झाले

१/
१९९९ साली विंडोजसाठी निघालेला एक खेळ आजही विकत मिळतो आणि बहुतेक संगणकांवर चालतो. त्याच खेळाची लिनक्ससाठी खास तयार केलेली, परवाना घेऊन, पेटीत घालून रीतसर विकलेली आवृत्ती मात्र आजच्या लिनक्सवर सहजासहजी सुरू होत नाही. लिनक्सवर हा खेळ खेळणारे लोक आज बहुधा त्याची विंडोज आवृत्तीच वापरतात.

हे असे उलटे का झाले? ‘अल्फा सेंटॉरी’ हा खेळ, ‘एलियन क्रॉसफायर’ हा त्याचा विस्तार आणि हे दोन्ही लिनक्सवर आणणारी ‘लोकी सॉफ्टवेअर’ ही कंपनी यांच्याविषयीचा हा धागा.

२/
आधी खेळाची पार्श्वभूमी. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ मध्ये आला. इ.स.पू. ४००० मध्ये एक वस्ती वसवायची आणि तिथून शेती, लेखनकला, तोफा, रेल्वे, अणुशक्ती असा प्रवास करायचा. जिंकण्याचे मार्ग दोन : सगळे जग जिंकणे, किंवा सर्वांच्या आधी अल्फा सेंटॉरी या शेजारच्या तारकासंस्थेत यान पोहोचवणे. यान पोहोचले की खेळ संपे. त्या यानातल्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न खेळात विचारलेलाच नव्हता.

३/
१९९६ मध्ये मायर, ब्रायन रेनॉल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज मायक्रोप्रोज कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी फिराक्सिस ही नवी कंपनी काढली. ‘सिव्हिलायझेशन’ हे नाव मात्र जुन्या कंपनीकडेच राहिले, आणि त्या नावावरून लवकरच कज्जा उभा राहिला. १९९७ मध्ये ॲक्टिव्हिजन व ॲव्हलॉन हिल यांनी मायक्रोप्रोजवर दावा लावला. त्यावर मायक्रोप्रोजने ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पटावरचा मूळ खेळ काढणारी ब्रिटनमधली हार्टलँड ट्रेफॉइल ही कंपनीच विकत घेऊन टाकली! १९९८ मध्ये तडजोड झाली. नाव मायक्रोप्रोजकडे राहिले आणि ॲक्टिव्हिजनला ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ हा एक खेळ काढण्याची मुभा मिळाली. या खेळाचे नाव लक्षात ठेवावे, तो पुढे पुन्हा येणार आहे.

४/
मूळ खेळ घडवणाऱ्यांकडेच त्याचे नाव उरले नव्हते. मग त्यांनी जुना खेळ जिथे संपत होता तिथून नवा सुरू केला. फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’ आला. आराखडा प्रामुख्याने रेनॉल्ड्स यांचा.

संयुक्त राष्ट्रांचे ‘युनिटी’ हे यान नव्या ग्रहाजवळ पोहोचते, पण तोवर त्यातली माणसे सात गटांत फुटलेली असतात. हे गट देशांवरून किंवा वंशांवरून पडलेले नाहीत. प्रत्येक गट एका विचाराभोवती उभा आहे : निसर्गनिष्ठा, विज्ञान, बाजार, लष्करी शिस्त, धर्मश्रद्धा, पोलादी समूहवाद आणि मानवी हक्क. शेवटच्या गटाचे नेते कमिशनर प्रवीण लाल. भारतीय वंशाचे, पेशाने डॉक्टर, आणि पृथ्वी मागे पडल्यावरही संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला चिकटून राहिलेले. त्या काळच्या पाश्चात्त्य खेळांत भारतीय पात्र म्हणजे बहुधा साधू, हत्ती किंवा महाराजा. लालसाहेबांचे वेगळेपण त्यामुळे उठून दिसते.

५/
त्याच वर्षी ‘एलियन क्रॉसफायर’ हा विस्तार आला. त्याचे प्रमुख आरेखक टिमोथी ट्रेन. यात सात नवे गट होते : यंत्रमानवी प्रज्ञेचे सायबरनेटिक कॉन्शसनेस, श्रमिकांचे फ्री ड्रोन्स, संगणकफोड्यांचे डेटा एंजल्स, ग्रहालाच देव मानणारा कल्ट ऑफ प्लॅनेट, समुद्रावरच वस्ती करणारे नॉटिलस पायरेट्स आणि दोन परग्रहवासी गट. हे परग्रहवासी एकमेकांचे हाडवैरी, आणि माणसांचे तर कुणाचेच मित्र नव्हेत. एका डावात मात्र एकूण गट सातच राहत. जुने आणि नवे मिळून चौदांतून सात निवडायचे.

६/
विस्तार म्हणजे काय, हे येथे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

विस्तार हा स्वतंत्र खेळ नसतो. मूळ खेळ संगणकावर असेल तरच तो चालतो. जुन्या वाड्यावर नवा मजला चढवावा तसा तो पायाला बांधलेला असतो. विंडोजवर मूळ खेळाची फाइल ‘टेरन’ आणि विस्ताराची ‘टेरनएक्स’ या नावाची होती. नियमांची फाइल मूळ खेळात ‘अल्फा’, विस्तारात ‘अल्फाएक्स’. या नियमफायली साध्या मजकुराच्या होत्या. कुणीही त्या उघडाव्यात, सैन्याची किंमत किंवा शोधांचा क्रम बदलावा आणि आपला वेगळा खेळ करावा. प्रत्येक गटाचीही अशीच एक फाइल असे. कल्ट ऑफ प्लॅनेटच्या फाइलीचे नाव होते ‘फंगबॉय’, म्हणजे बुरशीपोऱ्या. गंभीर तत्त्वचिंतनाने भरलेल्या या खेळाच्या कर्त्यांनी पडद्यामागे एवढी चेष्टा करून ठेवली होती.

७/
आता दुसरा संगणक. १९९८-९९ च्या सुमारास लिनक्सची चर्चा वाढत होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम आता विद्यापीठांत आणि सर्व्हरांवर रुळले होते. घरच्या टेबलावर मात्र अडचण होती. पत्रे लिहिता येत, प्रोग्रॅम लिहिता येत, पण दुकानातला खेळ खेळता येत नसे. त्यामुळे लिनक्सच्या कित्येक कट्टर पुरस्कर्त्यांच्या संगणकातही एका कोपऱ्यात विंडोज असेच. संगणक सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडायचे. कामाला लिनक्स, खेळाला विंडोज.

८/
ही उणीव स्कॉट ड्रेकर यांनी हेरली. ते पेशाने वकील. सॉफ्टवेअरच्या परवान्यांची कामे करताना त्यांची लिनक्सशी ओळख झाली होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअरची स्थापना केली. लोकी हा नॉर्स पुराणकथांतला खोडकर, रूपे बदलणारा देव. एका यंत्रणेवरचा खेळ दुसऱ्या यंत्रणेच्या रूपात आणणाऱ्या कंपनीला हे नाव चपखलच होते.

धंद्याची रीत अशी : प्रकाशकाकडून लिनक्ससाठीचे हक्क घ्यायचे, गुप्ततेच्या अटीवर सोर्स कोड मिळवायचा, तो लिनक्सवर चालता करायचा, पेटी छापायची आणि स्वतःच विकायची. मूळ प्रकाशकाला त्याचा वाटा द्यायचा.

९/
लोकीने हाती घेतलेला पहिला खेळ कोणता? तोच, ‘कॉल टू पॉवर’. नावाच्या कज्ज्यातून जन्मलेला हा खेळ १९९९ मध्ये लिनक्सच्या पेटीत आला. पुढे ‘रेलरोड टायकून २’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’, ‘सिमसिटी ३०००’ आणि विस्तारासह ‘अल्फा सेंटॉरी’ असे बरेच खेळ आले. यादीत डावपेचांचे खेळ किती आहेत, ते पाहण्यासारखे आहे. अशा खेळात सेकंदाला साठ चित्रे हलवायची नसतात. खेळाडू विचार करत बसलेला असतो आणि संगणक त्याची वाट पाहत असतो. त्या काळी लिनक्सवर त्रिमिती चित्रांची सोय कच्ची होती. तिथे हे खेळ त्यातल्या त्यात पेलण्याजोगे होते.

१०/
‘पोर्ट’ करणे म्हणजे नेमके काय करणे? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सोर्स कोड हाती आहे, तो दुसऱ्या यंत्रणेवर संकलित केला की झाले. तसे होत नाही. खेळ हा यंत्रणेशी सतत बोलत असतो : चित्र दाखव, आवाज काढ, माउस कुठे आहे ते सांग. विंडोजवर हे बोलणे डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या संचामार्फत होई, आणि पडद्यावर चित्र काढण्याचा त्यातला भाग म्हणजे डायरेक्टड्रॉ. ‘अल्फा सेंटॉरी’च्या मांडणी-फाइलीत ‘डायरेक्टड्रॉ=०’ अशी ओळ घातली की खेळ त्याशिवाय चालतो, ही युक्ती जुन्या खेळाडूंना आजही पाठ आहे. लिनक्सवर डायरेक्टड्रॉ नावाचे काही नव्हतेच. खेळाने मारलेल्या प्रत्येक हाकेला ओ देणारे दुसरे कुणीतरी तिथे उभे करावे लागत होते.

११/
बारीकसारीक अडचणी तर पुष्कळ. विंडोजला फाइलीच्या नावातील लहान-मोठी अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी. प्रोग्रॅममध्ये नाव लहान अक्षरांत आणि डिस्कवर मोठ्या अक्षरांत असेल, तर विंडोजला फाइल सापडते आणि लिनक्सला नाही. फोल्डरांची नावे वेगळी करणारी तिरकी रेघही दोघांची उलट दिशांना झुकलेली.

रंगांचा प्रश्न याहून कठीण होता. ‘अल्फा सेंटॉरी’ २५६ रंगांच्या तक्त्यावर रंगवलेला खेळ. विंडोजवर असा खेळ सुरू होताना पडदाच २५६ रंगांचा करून घेई. लिनक्सच्या पडद्याची रंगखोली मात्र तो सुरू करतानाच ठरे. ती मध्येच बदलायची सोय नव्हती. मग खेळाचे प्रत्येक चित्र आधी स्मृतीत २५६ रंगांत तयार करायचे, तिथून पडद्याच्या रंगांत रूपांतरित करायचे आणि मग दाखवायचे. खेळाडूला यातले काहीच दिसत नसे, आणि दिसू नये हेच तर या कामाचे यश.

मॅकची तऱ्हा आणखी निराळी. टेक्ससमधल्या अस्पायर कंपनीने हा खेळ आणि विस्तार मॅकवर आणला. तिथे प्रोसेसरच पॉवरपीसी, म्हणजे अनेक बाइटांची संख्या स्मृतीत लिहिण्याचा क्रम इंटेलच्या उलट. एकाने राखून ठेवलेला डाव दुसऱ्याने जसाच्या तसा वाचला, तर तिजोरीतला आकडाच बदलून जावा.

१२/
लोकीकडे या सर्वांवर एक साधन होते, आणि या धाग्याचा खरा नायक बहुधा तेच. ‘सिंपल डायरेक्टमीडिया लेयर’, संक्षेपाने एसडीएल. सॅम लँटिंगा यांनी ते १९९८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले, आणि ते लोकीचे प्रमुख प्रोग्रॅमर झाले. कल्पना सोपी होती : खेळाने थेट विंडोजशी किंवा लिनक्सशी बोलायचेच नाही, एसडीएलशी बोलायचे. खालच्या यंत्रणेची भाषा एसडीएल सांभाळील. दुभाष्या हाताशी असला की प्रत्येक दरबाराची भाषा शिकावी लागत नाही, तसे.

एसडीएल मुक्त परवान्याखाली होते. कुणीही ते घ्यावे, वापरावे, सुधारावे. ध्वनीसाठीच्या ओपनएएल या संचाच्या उभारणीतही लोकीचा मोठा हात होता. म्हणजे कंपनीच्या घरात दोन प्रकारचा माल तयार होत होता : पेटीबंद खेळ, ज्यांचा सोर्स कोड तिच्या मालकीचा नव्हता आणि कुणाला दाखवताही येत नव्हता, आणि अवजारे, जी तिने सर्वांसाठी खुली ठेवली होती.

१३/
ही दोन टोके एकत्र आणण्याचा एक प्रयोग लोकीने केलाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये अटलांटा येथील लिनक्सच्या मेळाव्यात ‘लोकी हॅक’ भरले. निवडक प्रोग्रॅमरांना ४८ तासांसाठी ‘कॉल टू पॉवर’चा सोर्स कोड उघडून दिला : बदल करा, काय सुचेल ते करून पाहा. अट गुप्ततेची. तयार झालेला खेळ बाहेर न्यायचा, कोड आतच ठेवायचा. दोन दिवसांपुरती उघडलेली ती खिडकी नंतर बंद झाली.

१४/
‘अल्फा सेंटॉरी’ लिनक्सवर आला तो ‘प्लॅनेटरी पॅक’ या नावाने. मूळ खेळ आणि विस्तार एकाच पेटीत. खेळाडूच्या दृष्टीने हा व्यवहार चांगलाच म्हणायचा. पहिल्या दिवसापासून चौदाही गट हाती. नॉटिलस पायरेट्स घेऊन समुद्रात वस्ती करावी, किंवा परग्रहवासी होऊन माणसांनाच आक्रमक ठरवावे.

पेटीतला एक विरोधाभास मात्र नजरेआड करता येत नाही. डेटा एंजल्स हा गट माहितीवर कुणाचीच मालकी मानत नाही. त्यांनी तीन गटांत हेर पेरले आणि त्या तिघांकडेही एखादे ज्ञान असले, तर ते त्यांना आपोआप मिळते. मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणाऱ्या लिनक्सच्या वापरकर्त्यांना हा गट आपलासा वाटला असल्यास नवल नाही. तो त्यांना मिळाला मात्र कुलूपबंद डिस्कवर.

१५/
मग लोकी बुडाली का? ‘लिनक्सवाले पैसे देत नाहीत, त्यांना सगळे फुकट हवे असते’, हे उत्तर तेव्हापासून आजपर्यंत ऐकू येते. ते सोपे आहे, म्हणूनच त्याविषयी सावध राहायला हवे. विस्ताराची गोष्ट नीट पाहिली तर दुसरे, अधिक पटणारे कारण दिसते. ते कारण म्हणजे वेळ.

१६/
विंडोजसाठीचा खेळ पूर्ण होतो तेव्हा पोर्टचे काम जेमतेम सुरू होते. मधले महिने मोठे असतात. त्या महिन्यांत मासिकांत परीक्षणे येतात, मित्र खेळू लागतात आणि ज्याच्या संगणकात कोपऱ्यात का होईना विंडोज आहे, तो लिनक्सची पेटी येईपर्यंत थांबत नाही. तो आजच खेळ घेतो. लिनक्सची पेटी येते तेव्हा तिचा सर्वांत उत्साही ग्राहक तो खेळ संपवून बसलेला असतो.

विस्ताराच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. विस्ताराचा ग्राहक म्हणजे मूळ खेळ आवडलेला माणूस. विंडोजवर असे ग्राहक १९९९ च्या फेब्रुवारीपासून तयार होत होते. लिनक्सवर मूळ खेळच नव्हता, म्हणून विस्ताराला पाया नव्हता, म्हणून दोन्ही एकत्र विकणे भाग होते. मूळ खेळ आधीच विकत घेतलेल्या माणसाला तोच पुन्हा विकत घ्यायला सांगणे, असा या पेटीचा अर्थ होत होता. त्याला फुकट काही नको होते. त्याने पैसे मोजले होते, फक्त दुसऱ्या दुकानात.

१७/
‘क्वेक ३ अरेना’ या खेळाने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. त्याची लिनक्ससाठीची वेगळी पेटी लोकीने बाजारात आणली. पण खेळाच्या कर्त्यांनी लिनक्सवर चालणारी फाइल महाजालावरही ठेवली होती. विंडोजची पेटी घेतलेला माणूस ती फाइल उतरवून लिनक्सवर खेळू शकत होता. त्याच्या खरेदीची नोंद विंडोजच्या खात्यात. लिनक्सवर किती जण खेळत होते आणि लिनक्सच्या किती पेट्या खपल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धंद्याच्या हिशेबात फक्त दुसऱ्याचे उत्तर मांडले गेले.

याचा अर्थ लोकीच्या कारभारात चुका नव्हत्या असा नाही, आणि ग्राहक कमी होते हेही खरेच. पण कमी ग्राहक आणि पैसे न देणारे ग्राहक यांत फरक आहे. इतिहासलेखनात तो पुसला जाऊ नये.

१८/
२००० मध्ये अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. लिनक्सभोवती उभे राहिलेले भांडवलही आटले. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज केला आणि जानेवारी २००२ अखेरीस कंपनी बंद झाली. तीन वर्षे आणि थोडे महिने, एवढेच तिचे आयुष्य.

१९/
कंपनी बंद पडली म्हणून विकलेले खेळ बंद पडत नाहीत. पुस्तकाचा प्रकाशक गेला तरी कपाटातले पुस्तक राहते. खेळांचे तसे होईल असे वाटले असेल, पण झाले नाही, कारण लिनक्स खालून सरकत राहिले.

कोणताही प्रोग्रॅम लिनक्सवर ग्लिबसी नावाच्या मूलभूत संचावर उभा असतो. एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची जी पद्धत लोकीच्या काळात होती (लिनक्सथ्रेड्स), ती नंतर बदलली आणि २००६ च्या ग्लिबसीत जुनी पद्धत काढूनच टाकली. आवाजाची जुनी ओएसएस यंत्रणा मागे पडून अल्सा आली. संगणक ६४ बिटांचे झाले आणि ३२ बिटांचे संच आपोआप बसवले जाईनासे झाले. २०१९ मध्ये उबंटूने ३२ बिटांची पॅकेजे बंद करण्याचे जाहीर केले. खेळांच्या जगातून एवढी ओरड झाली, की निवडक संच ठेवणे त्यांना भाग पडले.

या बदलांपैकी प्रत्येकाला सबळ कारण होते. सोर्स कोड हाती असलेले प्रोग्रॅम पुन्हा संकलित होऊन पुढे गेले. लोकीचे खेळ जाऊ शकले नाहीत. कोड प्रकाशकांचा, परवाना देणारी कंपनी मृत, दुरुस्तीचा हक्क कुणालाच नाही.

२०/
खेळाडूंनी हार मानली नाही. लोकीच्या काळातले जुने संच गोळा करून ते खेळाच्या शेजारी ठेवायचे आणि खेळाला भासवायचे की अजून २००१ सालच चालू आहे, अशी युक्ती निघाली. ती काही वर्षे चाललीही. पण दर नव्या आवृत्तीगणिक खटपट वाढत गेली.

२१/
मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींत टंकलेले हजारो मराठी लेख, स्मरणिका, प्रबंध आजही डिस्कांवर आणि जुन्या संगणकांत पडून आहेत. फाइल शाबूत, पण तो फाँट नसेल तर उघडल्यावर दिसतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. मजकूर हरवलेला नाही. हरवला आहे तो मजकूर आणि वाचक यांच्या मधला थर. मोडी कागदपत्रांचे रुमाल दफ्तरखान्यात सुरक्षित असूनही वाचणारे हात थोडे, हेही त्याच जातीचे दुखणे. फरक एवढाच, की मोडी शिकता येते. बंद प्रोग्रॅमची लिपी शिकण्याची परवानगीही बहुधा नसते.

२२/
आता धाग्याच्या सुरुवातीचा प्रश्न. विंडोजची आवृत्ती लिनक्सवर कशी चालते?

१९९३ मध्ये ‘वाइन’ हा प्रकल्प सुरू झाला. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावेत म्हणून विंडोजच्या हाकांना ओ देणारा थर तयार करणे, हे त्याचे काम. विंडोजने आपल्या जुन्या हाका सहसा मोडीत काढल्या नाहीत, कारण कार्यालयांतले असंख्य जुने प्रोग्रॅम त्यांवर चालत होते. त्यामुळे वाइनला एका स्थिर लक्ष्यावर वर्षानुवर्षे काम करता आले. २०११ मध्ये ‘अल्फा सेंटॉरी’ विस्तारासह गॉग या विक्रीस्थळावर पुन्हा विक्रीला आला, तो विंडोजसाठी. तीच आवृत्ती वाइनमार्फत लिनक्सवर चालू लागली. लिनक्सवर सर्वांत टिकाऊ ठरली ती विंडोजची फाइल!

मॅकवाल्यांच्या नशिबी याच वर्षी उलटे आले. ॲपलने पॉवरपीसीसाठीचे जुने प्रोग्रॅम चालवणारा ‘रोझेटा’ हा थर २०११ च्या ‘लायन’ या आवृत्तीतून काढून टाकला, आणि पॉवरपीसीसाठी बांधलेले सगळे खेळ नव्या मॅकवर एका दिवसात मुके झाले.

२३/
इथे एक आक्षेप येऊ शकतो. खेळ तोच आहे, लाल तेच, परग्रहवासी तेच. मग विंडोजची आवृत्ती टिकली आणि लिनक्सची विरली, यात बिघडले काय?

खेळापुरते पाहिले तर फारसे काही नाही. पण जुन्या ग्रंथाच्या दोन प्रती एकाच मजकुराच्या असल्या, तरी अभ्यासक दोन्ही जपतो. कोणत्या कागदावर लिहिली, कुणी लिहून घेतली, समासात काय खरडले, यांतून त्या काळाविषयी कळते. लोकीची पेटी ही अशी एक प्रत आहे. लिनक्सचे वापरकर्ते दुकानात जाऊन पेटी विकत घेतील, या पैजेवर काही माणसांनी तीन वर्षे काढली, त्याचा तो पुरावा आहे. विंडोजची फाइल वाइनवर चालवून तो पुरावा हाती लागत नाही.

२४/
आणि लोकीची अवजारे? कंपनी गेली, एसडीएल राहिले. लँटिंगा पुढे ब्लिझर्डमध्ये गेले, तरी एसडीएलचे काम चालूच होते. २०१२ मध्ये ते व्हॉल्व्ह कंपनीत रुजू झाले. त्याच वर्षी व्हॉल्व्हने स्टीम हे आपले विक्रीस्थळ लिनक्सवर आणायला सुरुवात केली. २०१३ मध्ये एसडीएल २ आले, अधिक मोकळ्या परवान्यासह. लिनक्सवर येणाऱ्या कितीतरी खेळांच्या पायाशी आज एसडीएल असते. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ काढले, आणि दुकानात पेटी कुणाच्या नावावर खपली हा जुना प्रश्नच मागे पडला. विंडोजसाठी घेतलेला खेळ लिनक्सवर चालू लागला.

२५/
शेवटी एक छोटी गोष्ट. लोकीच्या काही खेळांसोबत चालवण्याच्या दोन फायली मिळत. एकीत एसडीएल आतच मुरवलेले, तर दुसरी संगणकावर असेल ते एसडीएल वापरणारी. एसडीएलच्या त्या वेळच्या परवान्यालाही हेच अभिप्रेत होते, की वापरकर्त्याला एसडीएलची प्रत बदलता यावी. पहिल्या प्रकारच्या फायली काळाबरोबर अडकून पडल्या. दुसऱ्या प्रकारच्यांसाठी एक दार उघडे राहिले.

लोकीत काम केलेले रायन गॉर्डन यांनी वीस वर्षांनंतर ‘एसडीएल१२-कॉम्पॅट’ हा संच लिहिला. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. जुना खेळ एसडीएलच्या जुन्या आवृत्तीला हाक मारतो. हा संच ती हाक ऐकतो, एसडीएल २ च्या भाषेत सांगतो आणि उत्तर आणून देतो. खेळाला कळतही नाही, की पलीकडे कुणी दुसरेच बोलते आहे.

धागा समाप्त.